दुसऱ्यांदा पहिलीत

मुलगी शिकायला वसतिगृहात गेली आणि माझं सगळ्यात भरवशाचं निमित्त तिच्या बॅगेबरोबर घराबाहेर पडलं. अठरा वर्षं कोणीही "हल्ली लिहीत नाहीस का?" असं विचारलं की मी नुसतं तिच्याकडे बोट दाखवायचे. आधी ती रांगत होती, मग तिचे दात पडत होते, मग दहावी, मग बारावी. आता बोट दाखवायला समोर फक्त टेबल होतं आणि टेबलावर वही होती.

पहिल्या मोकळ्या सकाळी मी लिहायला बसले. आधी टेबल पुसलं. मग वाटलं, टेबल पुसून ड्रॉवर तसाच ठेवला तर तो टेबलाचा अपमान. ड्रॉवरात पाच पेनं निघाली, चार सुकलेली. पाचवं चालतंय का बघायला वहीच्या मागच्या पानावर सही केली. ती बरी आली म्हणून आणखी नऊ केल्या. पुढेमागे वाचकांना लागतील. दुपारपर्यंत दहा सह्या झाल्या होत्या आणि ओळ एकही नाही.

"या वयात नाही जमणार गं," मी फोनवर म्हटलं. लेकीनं संध्याकाळी यादीच पाठवली. टोनी मॉरिसन यांची पहिली कादंबरी १९७० साली आली तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या, पदरात दोन मुलं आणि शिवाय नोकरी. लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं पहिलं पुस्तक १९३२मध्ये, वयाच्या ६५व्या वर्षी. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८चा आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४चा.

मॉरिसनबाईंचं नाव मी वाचून न वाचल्यासारखं केलं. माझं एकोणचाळिसावं सरून दहा वर्षं झालीत. लक्ष्मीबाई मात्र एकदम जवळच्या वाटल्या. ६६ वजा ४९. सतरा वर्षं हातात! एवढ्या वेळात एक मूल जन्माला घालून थेट अकरावी-बारावीत नेता येतं, हे मी अनुभवानं सांगते. त्या रात्री मला फार शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी लेकीचा निरोप आला : "आई, हिशोब करत बसू नकोस. त्या त्याआधीही कविता लिहायच्या." स्वतःच्या पोटच्या पोरीला आपण इतके पाठ असू नये.

मग मात्र लिहिलं. तीन आठवड्यांत कथा झाली. अठ्ठेचाळिशीतली बाई एकटीच डोंगर चढायला निघते, अशी. तिचा माझ्याशी काही संबंध नाही. मला जिना चढला तरी दम लागतो. ज्या मासिकाला पाठवायची त्यांची अट होती : मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा, हस्तलिखित चालणार नाही.

लेकीचा जुना लॅपटॉप घरात होता. पूर्वी आईच्या जुन्या साड्यांतून मुलीला काहीबाही शिवलं जायचं, आता मुलीचं जुनं आईकडे येतं. या लॅपटॉपचं काना उमटवणारं बटण अधूनमधून अडकतं, त्यामुळे पहिल्याच परिच्छेदात राजारामचा रजरम झाला. तरी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मला मनापासून आवडला. काने, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. कामाची इतकी नीट वाटणी आमच्या घरात आजवर झाली नव्हती.

बटणं दिसायला चाळिशी लागते. वय आणि चष्मा या दोन्हींना एकच नाव ठेवणाऱ्या भाषेबद्दल काय बोलावं! डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होत जातं म्हणे, आणि जवळचं दिसेनासं होतं. चष्मा लावला की कीबोर्ड लख्ख, पण भिंतीवरचं घड्याळ धूसर. लेखिकेच्या दृष्टीनं हे सोयीचंच आहे.

घोडं अडलं ते चौथ्या ओळीत. माझी नायिका 'दऱ्या ओलांडून पलीकडे गेली' होती. मी र घेतला, त्याचा पाय मोडला, पुढे य आणि काना दिला. पडद्यावर आलं 'दर्या ओलांडून'. डोंगरात निघालेली बाई एका बटणानं समुद्रात! खोडलं, परत केलं, परत समुद्र. पुढे 'दुसऱ्यांदा' शब्द होता, तोही 'दुसर्यांदा' होऊन बसला. आचाऱ्यांचे आचार्य झाले. लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, नेहमीचा र घेतलास तर रफारच होणार, सूर्यासारखा. वेगळा ऱ आहे. खाली टिंब असलेला."

"कुठाय?"

"शिफ्ट धरून तेच र चं बटण दाब. मग पाय मोड, मग य."

"सारखा पाय काय मोडायचा गं या वयात?"

"आई. बटणाकडे बघ."

हा 'आई'नंतरचा पूर्णविराम माझ्या ओळखीचा होता. ती पहिलीत असताना 'श्र' आणि 'क्ष' यांत घोटाळा करायची, तेव्हा तिच्या नावापुढे मी हाच पूर्णविराम द्यायचे. "किती वेळा सांगितलं?", "लक्ष कुठंय?", "आता मी नाही सांगणार, तूच शोध" ही सगळी वाक्यं त्या संध्याकाळी व्याजासकट परत आली. शेवटी एकदाचा 'दऱ्या' उमटला. मी टाळी वाजवली. ती म्हणाली, "छान. आता दहा वेळा टाइप कर."

केला. दहा वेळा.

काल मुदतीचा शेवटचा दिवस होता. रात्री अकराला तिचा फोन.

"झाली का कथा टाइप करून?"

"झाली सगळी. फक्त शेवट राहिलाय."

पलीकडे शांतता. 'फक्त शेवटचं गणित राहिलंय' हे वाक्य तिनं मला किती वर्षं ऐकवलंय आणि वही उघडली की आत किती गणितं राहिलेली असायची, ते आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

"स्क्रीन दाखव," ती म्हणाली.

"अगं, आवाज तुटतोय तुझा," मी म्हटलं. "हॅलो? हॅलो?" आणि फोन ठेवून नायिकेला समुद्रातून बाहेर काढायला बसले.