रेडिओलॉजिस्टची गरज संपलेली नाही

ठाणे आणि ऐरोलीत नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘नोबेल विजेते हिंटन सांगतात, एआयमुळे रेडिओलॉजिस्ट पाच वर्षांत संपणार. मुलांना या शाखेत घालू नका.’ हे अर्धसत्य आहे. त्यावरून कोणाच्या मुलाचं करिअर ठरू नये.

एआयचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन अशा अर्थाचं बोलले होते, पण 2016 साली. नोबेल मिळालं 2024 मध्ये, तेही भौतिकशास्त्राचं. ती पाच वर्षं केव्हाच उलटली. 2025 मध्ये त्यांनी स्वतःच मान्य केलं की ते विधान फार सरसकट होतं. त्यांचा रोख फक्त एक्स-रे, सीटीसारख्या प्रतिमा वाचण्याच्या कामावर होता.

खरी मेख इथेच आहे. फिल्म वाचणं हा या कामाचा एक भाग. सोनोग्राफीत डॉक्टर प्रोब फिरवत, ‘इथे दुखतंय का?’ विचारत शोध घेतात. सीटीवर पाहत गाठीची बायोप्सी करणं, जुने रिपोर्ट ताडून बघणं, ऑपरेशनआधी सर्जनशी बोलणं, हेही त्यांचंच काम.

बदल होतोय, हे नाकारायचं कारण नाही. 15 वर्षं व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत छातीचा एक्स-रे सॉफ्टवेअरने वाचायची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. पण संशय आला की थुंकीची तपासणी करावीच लागते. या सॉफ्टवेअरचं मोल मला शहापूर-मुरबाडच्या पाड्यांसाठी जास्त वाटतं. एक्स-रे निघाला तरी तो वाचणारा तज्ज्ञ तिथून फार लांब असतो.