‘ओपन सोर्सला वाली नसतो’ म्हणणाऱ्यांना

सांगलीतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘ओपन सोर्स सॉफ्टवेअरला वाली नसतो. हौशी पोरं ते बनवतात, कंटाळली की बंद. रोज बदल होतात, कोड उघडा असल्यानं चोरांचं फावतं. धंद्यात वापरू नका.’ ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना, कुणालाही बघता, बदलता येतात असं सॉफ्टवेअर. मार्केट यार्डातल्या अडत्यांचे संगणक मी सांभाळतो. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी हा मजकूर मलाच पाठवला, म्हणून उत्तर देतोय.

आधी ‘बंद पडतं’ याबद्दल. हळदीची पट्टी तुम्ही ज्यात काढता, पोती, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, ते लिब्रेऑफिस जन्मलंच या भीतीतून. सन कंपनीनं 2000 साली त्याच्या पूर्वजाचा, ओपनऑफिसचा, कोड खुला केला. 2010 मध्ये ओरॅकलनं सनच विकत घेतली. नव्या मालकाचा भरवसा वाटेना, तेव्हा काम करणाऱ्या अनेकांनी त्याच सप्टेंबरात तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडली, तेच लिब्रेऑफिस. परवान्यातच तशी मुभा होती, ओरॅकलला विचारावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी ओरॅकलनं ओपनऑफिसमधून अंग काढून घेतलं. लिब्रेऑफिसच्या नव्या आवृत्त्या आजही येताहेत. बंदिस्त सॉफ्टवेअर कंपनीनं गुंडाळलं असतं तर तुमच्या हातात काय उरलं असतं? पावती आणि जुनी सीडी.

‘हौशी पोरं’ म्हणाल, तर लिनस टोरवाल्ड्सनं 1991 मध्ये लिनक्स हे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर सुरू केलं तेव्हा तो विद्यार्थीच होता. आज त्यात इंटेल, गूगल, रेड हॅटचे पगारी इंजिनिअर कोड लिहितात.

बदल रोज होतात हेही खरं, पण ते रोज तुमच्या संगणकावर येत नाहीत. लिनक्सवरच उभ्या असलेल्या उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पेढीवर तीच टाकावी.

चोरांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. एक्सझेड नावाचं, फाइलींचा आकार लहान करणारं छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकटा माणूस बिनपगारी सांभाळत होता. दुसऱ्या एकानं दोनेक वर्षं मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि त्यात चोरवाट घुसवली. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. तो मुळाशी गेला आणि बहुतेकांच्या संगणकावर पोचण्याआधीच चोरवाट उघडी पडली. बाहेरच्या माणसाला असं मुळाशी जाता आलं, कारण सगळं उघडं होतं.

खरं दुखणं आहे ते वापरणारे असंख्य आणि सांभाळणारा एकटा, हे. म्हणून लिब्रेऑफिसवर ज्यांची पेढी चालते त्यांनी ते सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनला दिवाळीच्या खर्चातून थोडी देणगी द्यावी. मराठी मेनूत चुकीचे शब्द दिसले तर मला कळवा, दुरुस्ती मी पाठवतो.