इशारा निघतो वेळेवर, पोहोचतो उशिरा

पूर, वादळ किंवा उष्णतेच्या लाटेत माणसे दगावली की ‘लोकांनी इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले’ असा ठपका हमखास ठेवला जातो. मला तो बहुतेक वेळा अन्यायाचा वाटतो. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतासाठी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी हवामान विभागाने सकाळी आठच्या आतच लाल इशारा दिला होता. नागरिकांच्या मोबाइलवर सावधगिरीचा संदेश मात्र रात्री आठ वाजून गेल्यावर खणखणला. जिथे पाऊस जवळपास पडलाच नव्हता अशा गावांतही तोवर वरच्या भागातले पाणी लोंढ्याने शिरले होते आणि गाडी बाहेर काढायला तळघरात उतरलेले लोक तिथेच अडकले होते. दोनशेहून अधिक जीव गेले.

वेळेवर पोहोचलेला इशाराही पुष्कळदा निरुपयोगी ठरतो, कारण तो ऐकणाऱ्यासाठी लिहिलेलाच नसतो. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तिथे ‘चोवीस तासांत २०० मिलिमीटर पाऊस’ एवढ्यावरून काय ठरवायचे? पाणी आपल्या गल्लीत शिरेल का, पूल किती वाजता बंद होईल आणि आजारी माणसाला उचलून न्यायला कोण येईल, हे त्या घराला कळायला हवे. जागतिक हवामान संघटनाही गेली काही वर्षे, हवामान कसे असेल यापेक्षा त्याचा परिणाम काय होईल ते सांगा, असा आग्रह धरते आहे. मात्र त्यासाठी लागणारी कितीतरी माहिती उपग्रहाकडे नसते. कोणता नाला आधी तुंबतो, हे तिथे राहणाऱ्यांना पाठ असते. त्यांना विचारून नोंद मात्र कोणी करत नाही.

आजच्या बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळाने किमान तीन लाख बळी घेतले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या पूर्वतयारी कार्यक्रमात आज ७० हजारांहून अधिक स्वयंसेवक असून त्यांत सुमारे निम्म्या स्त्रिया आहेत. झेंडे चढवणे, भोंगा घेऊन वस्तीत फिरणे, ही त्यांची कामे. पुढच्या वादळांत बळी कमी झाले, त्यात निवाऱ्यांचा आणि बांधांचाही वाटा आहे, हे मान्य. पण ओळखीच्या माणसाने दारात येऊन सांगितल्याशिवाय त्या निवाऱ्यात वेळेवर जाणार कोण?

२०२७ अखेर प्रत्येकाला पूर्वसूचनेचे संरक्षण मिळावे, असे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. त्यासाठीचा पैसा केवळ रडारवर न खर्चता या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणावर आणि मानधनावरही खर्च व्हावा. इशारा देऊनही वादळ वळले, तर ते का वळले हे दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने त्याच दारात जाऊन सांगावे, कारण पुढच्या वेळी घर सोडायचे की नाही, हे बऱ्याचदा त्या बोलण्यावरच ठरते.