बेळगावात घरी बसून सायबर सुरक्षेचं काम शिकता येत नाही? येतं.

गेले काही दिवस आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांनी सायबर सुरक्षेत नोकरी हवी असेल तर पुण्याला किंवा बेंगळूरला जाऊन लॅबवाला कोर्स करावाच. घरी प्रॅक्टिकल होत नाही. आधी हॅकिंग शिका. इथे गावात या विद्येला काम नाही. इंग्रजीची अट नाही. सर्टिफिकेट हातात पडलं की सहा महिन्यांत नोकरी पक्की.’

मी याच क्षेत्रात काम करतो. हा मेसेज वाचून सोसायटीचं कर्ज काढायला निघालेले पालक फोन करून विचारतात, तेव्हा काळजी वाटते. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितो.

‘घरी प्रॅक्टिकल होत नाही.’

आधी काम काय असतं ते बघू. कंपनीच्या संगणकांवर सतत नजर ठेवणाऱ्या विभागाला सॉक (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर) म्हणतात. तिथला बचावाच्या बाजूचा विश्लेषक, म्हणजे सॉक ॲनालिस्ट, कंपनीच्या संगणकांवरच्या नोंदी बघत असतो. त्यांनाच लॉग म्हणतात. अलर्ट, म्हणजे धोक्याची सूचना, आला की तो खरा की खोटा हे ठरवायचं, खरा असेल तर वरच्याला कळवायचं आणि काय पाहिलं ते नीट लिहायचं. यातलं एकही काम शिकायला मोठी लॅब लागत नाही.

८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, १६ असेल तर सोयीचं. एका लॅपटॉपच्या आत वेगळे आभासी संगणक चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं. त्यात एक विंडोज आणि एक लिनक्स बसवा. विंडोज ११ एंटरप्राइजची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट ९० दिवसांसाठी फुकट देते. ही दोन्ही आभासी मशीन फक्त एकमेकांना दिसतील असं नेटवर्क ठेवा. एकदा सगळं उतरवून घेतलं की पुढचा बराच सराव इंटरनेटशिवाय होतो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाते, तिथल्या मुलांना हे महत्त्वाचं आहे.

आता त्या विंडोजमध्ये मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका आणि विंडोजमध्येच असलेल्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदी दाखवणाऱ्या साधनातला सिक्युरिटी लॉग उघडा. ४६२५ क्रमांकाची नोंद सापडेल. बरोबर पासवर्ड टाकला की ४६२४. नवीन युजर तयार केला की ४७२०, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरच्या गटात घातलं की ४७३२. सगळा लॉग पुसून टाकला तर रिकाम्या झालेल्या लॉगमध्ये ११०२ ही नोंद आपोआप बसते, म्हणजे पुसणाऱ्याचाही माग राहतो.

हे आकडे दोन दिवसांत पाठ होतात. खरं कसब त्यांची मांडणी वाचण्यात आहे. समजा, ४६२५ च्या दोनशे नोंदी दिसल्या. त्या ऑफिसमधल्याच एका मशीनवरून, एकाच खात्यावर, ठरावीक अंतराने येत असतील तर बहुतेक वेळा कुणीतरी पासवर्ड बदललेला असतो आणि मागे चालू राहिलेलं एखादं काम जुनाच पासवर्ड टाकत बसलेलं असतं. हल्ला नाही, दुरुस्ती हवी. एकाच बाहेरच्या पत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) एका खात्यावर मिनिटाला शेकड्याने प्रयत्न होत असतील तर कुणी दार फोडायला बघतोय. आणि एका पत्त्यावरून शंभर खात्यांवर प्रत्येकी दोनच प्रयत्न असतील तर जास्त सावध व्हायचं, कारण इतक्या कमी प्रयत्नांत खातं लॉक होत नाही आणि गडबड कुणाच्या लक्षात येत नाही. यातल्या कुठल्याही हल्ल्यामागून त्याच पत्त्यावरून ४६२४ आली, तर हातातलं सगळं बाजूला ठेवायचं.

हे तिन्ही प्रकार स्वतःच्या लॅपटॉपवर घडवून बघता येतात. पुढच्या पायरीला विंडोजमधल्या हालचालींच्या जास्त बारीक नोंदी ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन, मग नेटवर्कवरची ये-जा बघायला वायरशार्क. लॉग शोधायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्प्लंकने आपल्या ‘बॉस ऑफ द सॉक’ स्पर्धेच्या जुन्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. लेट्सडिफेंड, सायबरडिफेंडर्स, ट्रायहॅकमी या सरावाच्या वेबसाइटचा काही भाग फुकट आहे. सुरुवातीच्या कित्येक महिन्यांचा सराव एवढ्यावर भागतो.

‘आधी हॅकिंग शिका.’

आपल्याच दुसऱ्या मशीनवर हल्ला करून त्याच्या खुणा लॉगमध्ये कशा उमटतात ते बघणं चांगलंच. पण तिथून सुरुवात केलेली मुलं साधनं चालवत राहतात आणि नोंदी वाचायच्या राहून जातात. शिवाय शेजाऱ्याचं वायफाय किंवा कॉलेजची वेबसाइट परवानगीशिवाय ‘तपासणं’ हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जो क्लास असं करायला शिकवतो त्याच्या दारात मुलाला पाठवू नका.

‘इथे गावात या विद्येला काम नाही.’

नोकऱ्या पुण्या-बेंगळूरला जास्त आहेत, हे खरं. पण गरज इथे नाही असं कोण म्हणेल? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. सहकारी बँकांवर उभ्या असलेल्या आपल्या भागाने ती बातमी विसरू नये. ३१ डिसेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची पायरीवार चौकट घालून दिली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांनी, बँकांनी, दवाखान्यांनी हे लॉग ठेवायचे तर ते वाचणारं माणूस लागणारच.

‘इंग्रजीची अट नाही.’

यात मराठी माध्यमाच्या मुलांची सरळ दिशाभूल आहे. अट आहे. नोंदी इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, शिफ्ट बदलतानाची माहितीही बहुधा इंग्रजीतच. कन्नड नीट येत नाही म्हणून मात्र घाबरू नका, या कामात ते आड येत नाही.

इंग्रजी लागतं तेही कथा-कादंबरीचं नाही. आधी मराठीत लिहून बघा: ‘रात्री २:१४ ते २:३१ या वेळेत एका बाहेरच्या पत्त्यावरून लेखा विभागाच्या खात्यावर ३१२ अयशस्वी प्रयत्न झाले. २:३२ ला त्याच पत्त्यावरून लॉगिन यशस्वी झालं. २:३५ ला नवीन युजर तयार झाला. खातं बंद करण्याची आणि मशीन नेटवर्कपासून तोडण्याची शिफारस.’ एवढी चार वाक्यं स्वच्छ इंग्रजीत आणता आली की बरंच काम झालं. येळ्ळूर-उचगावच्या शाळेत शिकलेल्या मुलाला रोज एक अहवाल लिहून हे जमतं. अट लपवून ठेवली तर तो तयारीच करणार नाही आणि मुलाखतीत अडकेल.

‘सर्टिफिकेट हातात पडलं की सहा महिन्यांत नोकरी पक्की.’

सुरुवातीच्या सर्टिफिकेटांपैकी सिक्युरिटी प्लस ही परीक्षा ९० मिनिटांची, जास्तीत जास्त ९० प्रश्नांची. पाया पक्का व्हायला आणि अर्ज पुढे सरकायला तिचा उपयोग आहे, ती जरूर द्यावी. पण मुलाखतीत समोरचा एक अलर्ट देऊन विचारतो, ‘आता काय कराल?’ तिथे तुमच्या फाइलमधले स्वतः लिहिलेले दहा-बारा अहवाल उपयोगी पडतात. बरीच मुलं आधी हेल्पडेस्क किंवा नेटवर्क सपोर्टला लागतात आणि तिथून या बाजूला येतात. तो वेळ वाया जात नाही. ‘पक्की’ हा शब्द कुणालाच वापरता येणार नाही.

तरीही क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी तिथे एक तास बसू द्या म्हणा. शिकवणाऱ्याने स्वतः सॉकमध्ये काम केलंय का? मुलं दर आठवड्याला लॉग उघडतात का? लिहिलेला अहवाल कोण तपासून देतं? आधीच्या तुकडीतल्या दोन मुलांशी बोलता येईल का? सरळ उत्तरं मिळाली आणि घराला ओढ बसत नसेल, तर खुशाल भरा.