बघितलं, चालतंय!

लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, केव्हीएम एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवतो. त्यातली मेमरीची गळती बुजवणारा पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, तुमच्याकडे तपासायला आलाय? अभिनंदन! बेळगावच्या टिळकवाडीतल्या माडीवर खिडकीशी बसा, शेजारी कुंद्याची वाटी घ्या आणि आधी स्पेलिंग बघा. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या टिपणात, एखादी चूक सापडली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासणारा) आणि पुढं आपलं नाव.

कोड वाचायचाच हट्ट असेल तर नव्यानं घातलेल्या हिरव्या ओळी तेवढ्या वाचा. मेमरी देणाऱ्या केमॅलॉककडे जागा मागितली, मिळाली नाही की तिथूनच ‘रिटर्न मायनस ईनोमेम’, म्हणजे ‘मेमरी नाही’ म्हणून माघारी. किती सुटसुटीत! त्याच्या दहा ओळी आधी दुसरा बफर (मेमरीचा तुकडा) घेतलाय, म्यूटेक्स नावाचं कुलूप धरलंय. ते परत कोण करणार? पण डिफ, म्हणजे बदलांची यादी, वर-खाली तीन-तीनच ओळी दाखवतो, म्हणजे ते आपल्या हद्दीत येत नाही. घेतलेलं उलट्या क्रमानं परत करणारं ‘गोटू’चं लेबल तर पार फंक्शनच्या तळाशी. माउसचं चाक कशाला झिजवा?

जागा मागताना संख्या गुणिले आकार दिसलं तर बिनधास्त पुढं जा. गुणाकार मावेनासा होऊन उतू गेला की जागा मिळते गुंठाभर आणि पेरणी होते एकरभर. केमॅलॉकचा भाऊ केकॅलॉक तो गुणाकार आधी तपासतो म्हणे, पण माणसानं एवढं संशयी असू नये.

स्पिनलॉक (हे कुलूप हातात असताना झोपायला बंदी) धरलेला असताना जीएफपी_कर्नल, म्हणजे मेमरी मागायची नेहमीची पद्धत, वाट बघत झोपू शकतो, अशी कुणी कुरकुर केली तर सगळीकडे न झोपणारा जीएफपी_ॲटॉमिक करून टाका. तो राखीव साठ्यात हात घालतो. घालू दे की, राखीव ठेवलंय कुणासाठी?

खरी गंमत जीएफपी_कर्नल_अकाउंटची. गेस्टपायी (आभासी यंत्रापायी) होस्टच्या (खऱ्या यंत्राच्या) कर्नलनं घेतलेली मेमरी मांडायची कुणाच्या खात्यावर? आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला नको. जमीन आपली, उतारा कन्नडात आणि सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. कर्नलात मात्र ‘अकाउंट’ एवढं लिहिलं की खर्च त्या गेस्टच्या प्रोसेसच्या सीग्रुपवर (मर्यादा आखून दिलेल्या गटावर) पडतो, त्याच्या मर्यादेत मोजला जातो. तो शब्द गाळलेला दिसला तरी बोलू नका. एका शब्दात निकाल लागायची सवय या भागाला नाही.

मीही असा एक पॅच चहा निवायच्या आत पास केला होता. टेस्टनं रात्रभर गेस्ट उभे केले, पाडले, परत उभे केले. पहाटे होस्टच आडवा. आई माडीवर आली.

“काय करूलास रे एवढ्या सकाळी?”

“बघितलेलंच परत बघूलोय.”