मारुती आपली अन् ह्युंदाई परकी? जरा आरसी काढा

कापसाचे पैसे हाती आले की आमच्या घाटंजीकडे टपरीवर गाड्यांच्या गोष्टी निघतात. यंदा त्यात एका मेसेजनं भर घातली. सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय: मारुती, महिंद्रा पूर्ण देशी, ह्युंदाई, एमजी विदेशी, पैसा बाहेर नेतात, जग्वार इंग्रजांची, आणि जुनी ॲम्बेसेडर तर शंभर टक्के भारतीय. तो वाचून मामांनी पोराला बजावलं, "ह्युंदाई नाई पाह्यजे. मारुती घे, आपली हाये."

मामा, मारुती 1981 साली सरकारी कंपनी म्हणूनच निघाली, हे खरं. पण 1982 मध्येच सुझुकीनं तिच्यात 26 टक्के वाटा घेतला. 2002 मध्ये कारभार सुझुकीच्या हाती गेला आणि 2007 मध्ये सरकारनं उरलेसुरले शेअरही विकले. आज निम्म्याहून जास्त कंपनी जपानची आहे. नाव तेवढं हनुमानाचं.

"पण बनते तं इथंच ना?" बनते की. ह्युंदाईही इथंच बनते, तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ, 1998 च्या सँट्रोपासून. त्या दिवशी टपरीवर तिघांच्या आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीची कार्डं, काढून पाहिली. स्विफ्टचा चेसिस नंबर 'एमए3'नं सुरू, टाटाचा 'एमएटी'नं, ह्युंदाईचा 'एमएएल'नं. पहिली दोन अक्षरं तिन्हींची एकच, भारताची.

जग्वारची गंमत वेगळी. 2008 मध्ये टाटा मोटर्सनं ती फोर्डकडून घेतली, म्हणजे त्याआधीच ती इंग्रजांची राहिली नव्हती, अमेरिकेची झाली होती. मालक मुंबईत, पण बहुतेक कामगार इंग्लंडात. मेसेजवाल्याची गोची इथं होते. कारखाना पाहायचा म्हटलं तर ह्युंदाई देशी ठरते. मालक पाहायचा म्हटलं तर जग्वार आपली आणि मारुती परकी. यानं मारुतीला एका मापानं मोजलं, ह्युंदाईला दुसऱ्या. काट्यावर व्यापाऱ्यानं असं केलं तर आपण त्याला सोडतो का?

ॲम्बेसेडरचं सांगायला फार नाही. साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा, आणि 2017 मध्ये तिचं नावसुद्धा 80 कोटींना फ्रान्सच्या पूजोला विकलं गेलं.

महिंद्रा मात्र मीही देशीच म्हणतो. पण 'पूर्ण'? 1945 मध्ये लुधियानात कंपनी निघाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद पुढं पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. ज्या जीपवर कंपनी उभी राहिली, ती अमेरिकेच्या विलीजची. आज त्यांचे ट्रॅक्टर आपल्या नागपुरात, हिंगण्यात बनतात. तिथं पगार घेणाऱ्या पोराला विलीज कोण, हे ठाऊक असायची गरज नाही.

एमजीत मात्र पुरती खिचडी: नाव इंग्रजी, मूळ मालक चीनची सरकारी कंपनी एसएआयसी, 35 टक्के आपल्याकडच्या जेएसडब्ल्यू कंपनीचे आणि कारखाना गुजरातेत हलोलला.

पैसा बाहेर जातो, हा मुद्दा मी उडवून लावत नाही. ह्युंदाईच्या इथल्या कंपनीचे शेअर 2024 मध्ये बाजारात आले, तरी 80 टक्क्यांवर मालकी कोरियाकडेच आहे. पण मारुतीही सुझुकीला रॉयल्टी मोजते. ते मेसेजात कुठं आहे?

आणि वावरातलं पाहा ना. आपण लावतो ती पऱ्हाटी अमेरिकन जातीची. 2002 पासून तिच्यात बोंडअळीसाठी घातलेला जीनही अमेरिकेच्या मोन्सँटोचा. पाकीट भरणारी कंपनी इथली, काळी माती आपली, कंबर मोडते तीही आपलीच. गाठी बांधल्या की आपण छाती काढून म्हणतो, विदर्भाचा कापूस! कोणी आजवर त्याचं गोत्र विचारलं नाही.

एवढं सगळं ऐकून मामांनी आरसी घडी करून परत दिली. म्हणाले, "थे जाऊ दे. पावसाळ्यात आपल्या पांदनीतून कोनती निंघते, थे सांग."