दावणीला जागा नाही

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडात बँक हॉलिडे असतो आणि त्या निमित्ताने जन्मात बँकेचं तोंड न पाहणारेसुद्धा झाडून घराबाहेर पडतात. अकरा वर्षं बर्मिंगहॅमजवळ काढल्यावर मला हे कळायला हवं होतं. पण कराडहून सासूबाई आल्या होत्या, लंडन दाखवून झालं होतं, आणि ‘काहीतरी वेगळं करू या’ हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं होतं. शुक्रवारी दुपारी व्हिटचर्चजवळच्या एका यार्डात आम्ही चौघं भाड्याने घेतलेल्या नॅरोबोटीकडे, म्हणजे कालव्यातल्या चिंचोळ्या घरबोटीकडे, बघत उभे होतो.

सत्तावन्न फूट लांब, पावणेसात फुटांहून जेमतेम रुंद. इथल्या कालव्यांवरची जुनी लॉक्स, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, सात फुटी, त्यामुळे बोटीही तेवढ्याच बारीक. सासूबाईंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाल्या, “चाळीचा व्हरांडा उचलून पाण्यात टाकलाय.”

यार्डातल्या माणसाने अर्धा तास शिकवलं. सुकाणू डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते. ब्रेक नाही. रिव्हर्स टाकला की थांबेल, पण कुठे तोंड करून थांबेल ते तिचं ती ठरवेल. अंधार पडल्यावर चालवायची नाही. मी विचारलं, रात्री बांधायची कुठे? तो प्रसन्न हसला. “कुठेही! टो-पाथच्या बाजूला कुठेही बांधा.”

टो-पाथ म्हणजे पूर्वी ज्यावरून घोडे बोटी ओढत ती काठाची पायवाट. पलीकडचा काठ बहुतेक खासगी मालकीचा. तर ‘कुठेही’. फक्त लॉकच्या तोंडाशी नाही. पुलाखाली नाही. वळणावर नाही. पाणी भरायच्या नळाशी नाही. बोट वळवण्यासाठी कालवा मुद्दाम रुंद केलेला असतो, तिथे तर अजिबात नाही. जिथे ४८ तासांची पाटी आहे तिथे ४८ तास, पाटी नसेल तर चौदा दिवस. पुण्यात घर भाड्याने देताना मालक ‘तुमचंच घर समजा’ म्हणतो आणि मग नियमांचा कागद काढतो, तसं.

पॉन्टकसल्टीचा जलसेतू, म्हणजे कालवाच पलीकडे नेणारा पूल, बघायचं मनात होतं. १८०५ साली खुला झालेला, जमिनीपासून ३८ मीटर उंचीवरच्या लोखंडी पन्हळीतून बोट जाते आणि एका बाजूला कठडा म्हणून नाहीच. २००९ पासून जागतिक वारसा आहे. “तीन रात्रींत?” यार्डवाला म्हणाला, “त्याला आठवडा घ्या. तुम्ही एल्समिअरपर्यंत जा आणि परत या.” त्या सेतूपायीच अर्धा देश या लॅंगॉलेन कालव्यावर येतो, हेही त्याने सांगितलं. सासूबाई लॅंगॉलेनला शेवटपर्यंत ‘लांगोळे’ म्हणाल्या, जणू कराड-पाटण रस्त्यावरचं गाव.

पहिल्या रात्री जागा मिळाली, पण ती का रिकामी होती ते सकाळी कळलं. व्हिक्सॉल मॉस ही मैलोन् मैल पसरलेली पीटची, म्हणजे कुजक्या झाडपाल्याच्या मऊ मातीची, दलदल. कालवा खोदला तेव्हापासून काठ खचायचे, म्हणून भर घालत राहणारी मजुरांची एक टोळी १८०४ पासून थेट १९६० च्या दशकापर्यंत तिथे राबत होती. हे मला ठाऊक असतं तर मी त्या लुसलुशीत मातीत लोखंडी खुंटे ठोकले नसते. हातोड्याच्या तीन घावांत खुंटा गेला. मला वाटलं, माझ्या मनगटात जोर आहे.

पहाटे एक बोट घाईने गेली. घाई म्हणजे ताशी चार मैल, ही इथली वेगमर्यादा; पण बांधलेल्या बोटीजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं असतं, ते त्याने केलं नाही. पाणी आधी मागे ओढलं गेलं, मग पुढे आलं, आणि आमचा मागचा खुंटा केकमधून मेणबत्ती निघावी तसा निघाला. मी जागा झालो तेव्हा खिडकीतून काठाऐवजी पलीकडच्या गाई दिसत होत्या. आम्ही कालव्याला आडवे लागलो होतो आणि दोन्ही बाजूंना एकेक बोट अतिशय सभ्यपणे थांबली होती. कुणी हॉर्न वाजवला नाही. एकाने तर चहा करून घेतला.

त्या चहावाल्यानेच मग शिकवणी घेतली. काठाला लोखंडी पत्रे ठोकलेले असतील तर खुंटे कशाला, त्या पत्र्यांत अडकवायचे हूक असतात. आमच्या पेटीत ते होते. मी ते लॉकचं काहीतरी असेल म्हणून बाजूला ठेवले होते. पुढचा आणि मागचा दोर तिरका बाहेर ताणायचा. आणि बोटीच्या मध्यावरचा दोर रात्री बांधून ठेवायचा नाही, नाहीतर जाणाऱ्या प्रत्येक बोटीबरोबर आपली बोट कलंडते आणि फडताळातल्या बश्या खाली येतात. आमच्या दोन आल्या होत्या.

सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. इंग्रजी कळत नसेल म्हणून मी भाषांतर करायला गेलो, तर म्हणाल्या, “त्यात काय कळायचंय? खुंटा ओढीच्या उलट्या अंगाला तिरपा मारायचा. तुम्ही सरळ मारलात. म्हैससुद्धा उपटून गेली असती, जावईबापू.”

त्यांच्या माहेरी सहा म्हशी होत्या. तिथून पुढे हातोडा त्यांच्याकडे गेला.

शनिवारी दुपारी ब्लेकमिअरला आलो. झाडांनी वेढलेलं तळं, त्याला खेटून कालवा. पोस्टकार्डातली जागा, आणि बाकीच्यांनीही तेच पोस्टकार्ड पाहिलेलं. बोटीला बोट लागलेली. पुढे छोटा बोगदा, मग एल्समिअरचा फाटा. त्याच्या टोकाला सुपरमार्केट आहे, म्हणजे दूध, कांदे, सगळं. साहजिकच तिथेही दाटी.

आणि इथे मला या प्रकाराचं खरं दुःख समजलं. गाडीला जागा मिळाली नाही तर माणूस काच वर करून पुढे जातो, कुणाला त्याचं तोंड दिसत नाही. बोटीत ती सोय नाही. तुम्ही उघड्यावर, सुकाणू धरून, ध्वजवंदनाला उभं राहावं तसे उभे. वेग गोगलगाईचा. डावीकडे जागा अडवून बसलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात कप, प्रत्येकाजवळ एक कुत्रं, आणि प्रत्येकाशी बोलावंच लागतं.

“लव्हली डे!”

“लव्हली डे!”

तुमची जागा मला हवी आहे, तुम्ही कधी उठणार, असं कसं विचारायचं? त्याऐवजी मी एकेचाळीस वेळा लव्हली डे म्हणालो. बायकोने मोजले. सत्तावीस-अठ्ठावीसनंतर माझ्या आवाजात दिवसाबद्दल शंका येऊ लागली होती, असं तिचं म्हणणं.

“नातवाला पुढं पाठवा की,” सासूबाई म्हणाल्या, “रुमाल घेऊन.”

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला त्यांच्या पिढीने सिद्धीस नेली आहे. इथे तसं चालत नाही, जो बोट घेऊन आला त्याची जागा, हे मी समजावून सांगितलं. तरी चिरंजीव गेले. पंधरा वर्षांचं पोर, एरवी पाणी आणायला उठत नाही, पण बोटीवर आईबापांबरोबर दिसण्यापेक्षा त्याला चालणं बरं वाटलं. कानात बटणं घालून रमतगमत गेला तरी आमच्या दहा मिनिटं आधी पोचला. परत येऊन बातमी दिली: एका बोटीच्या पुढे पस्तीस फूट रिकामे, मागे सव्वीस. पावलांनी मोजले होते.

म्हणजे एकसष्ट. आम्ही सत्तावन्न. मधली बोट सरकली तर! पण मधल्या बोटीवर एक आजोबा आणि आजी सँडविच खात होते आणि त्यांनी भांडीबिंडी काठावर मांडली होती.

बायको म्हणाली, “अहो, विचारा ना.” मी म्हणालो, “तू विचार.” तिने सुकाणू माझ्याकडे दिलं नाही, कारण दुपारी मी दिलं-घेतलं तेव्हा एक विलोचं झाड बोटीत आलं होतं. तेवढ्या वेळात बोट त्यांच्या समोर आली. मी तोंड उघडलं.

“लव्हली डे,” मी म्हणालो.

पुढच्या टोकाला सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी आजोबांकडे बघितलं, तळहात उभा धरला आणि हवेत दोनदा बाजूला केला. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी करतात तोच हात. “जरा सरका की हो,” त्या मराठीत म्हणाल्या.

आजोबांनी सँडविच बशीत ठेवलं. उठले, दोर सोडला आणि ती पंधरा-सोळा टनांची बोट एका हाताने, गाय न्यावी तशी, ओढत मागे नेली. पाण्यावर तरंगणारं काहीही हळूहळू ओढलं की येतं, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही आत शिरलो. सासूबाईंनी दोन खुंटे तिरपे मारले, दोराला टिचकी मारून पाहिली, आणि आजींना डब्यातली चकली दिली.

मी पहिल्यांदाच खुर्ची टाकली. आल्याचा चहा घेतला. ऊन कलत होतं. आता बाकीच्या बोटी समोरून जायला लागल्या आणि प्रत्येक सुकाण्यावर एक ताठ, ओशाळवाणा माणूस उभा. “लव्हली इव्हनिंग!” मी मोठ्याने म्हणत होतो. मनापासून, अगदी.

तेवढ्यात काठावरून एक मुलगी आली. बारा-तेरा वर्षांची. पावलं टाकत, ओठांत आकडे मोजत. आमच्या पुढची बोट निघून गेल्याने आता तिथे पन्नासेक फुटांची फट होती, ती मोजून झाली. मग आमच्या मागे उरलेले चार फूट मोजले, थांबली, आणि माझ्याकडे बघितलं. लांब पुलाखालून त्यांची बोट येत होती. सुकाण्यावरचा बाप आकाशाकडे बघत होता.

मी कपात बघितलं.

“जावईबापू,” पाठीमागून आवाज आला. सासूबाईंनी हातोड्याच्या उलट्या बाजूने मागचा खुंटा सैल केलासुद्धा होता. “धरा दोर. चार फूट मागं घ्या.”

चहा छपरावर ठेवला. रात्री आठवला तेव्हा त्यात एक कोळी होता.